विशेष आर्थिक क्षेत्रे : कुंपणाच्या आतील रोजगार आणि कुंपणाबाहेरील गावे

एखाद्या तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्र मंजूर झाल्याची घोषणा होते, तेव्हा तिच्यासोबत दोन आकडे हमखास जाहीर होतात. एक अपेक्षित गुंतवणुकीचा आणि दुसरा अपेक्षित रोजगाराचा. जमीन देणारा शेतकरी, नोकरीच्या शोधात असलेला पदवीधर आणि रस्त्यालगतचा दुकानदार या तिघांचेही लक्ष दुसऱ्या आकड्याकडे असते. मात्र त्या आकड्यातील किती रोजगार खरोखर नवे असतील, ते कोणाला मिळतील आणि त्यांच्यामुळे आसपासच्या व्यवसायांना किती बळ मिळेल, याचे उत्तर त्या आकड्यात नसते.

भारतात अशा क्षेत्रांचा अनुभव सुमारे सहा दशकांचा आहे. या अनुभवाचा विचार केल्यास एक गोष्ट ठळकपणे जाणवते. क्षेत्राचे यश कुंपणाच्या आत किती माणसे कामाला आहेत यावरून मोजले जाते, तर स्थानिक लोकांचे हित कुंपणाबाहेर काय घडते यावर अवलंबून असते. या दोन गोष्टी नेहमीच एकत्र नांदत नाहीत.

संकल्पनेचा प्रवास

निर्यातीला चालना देण्यासाठी आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९६५ साली गुजरातमधील कांडला येथे सुरू झाले. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरी येथे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सर्वपरिचित 'सीप्झ', अस्तित्वात आले. त्यानंतर नोएडा, चेन्नई, कोची, फाल्टा आणि विशाखापट्टणम येथेही अशी क्षेत्रे उभी राहिली. ही सर्व क्षेत्रे सरकारी होती आणि त्यांचा विस्तार मर्यादित होता.

एप्रिल २००० मध्ये तत्कालीन वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांनी विशेष आर्थिक क्षेत्रांचे धोरण जाहीर केले. चीनमधील शेनझेनसारख्या क्षेत्रांचे यश त्यामागील प्रेरणा होती. २००५ साली संसदेने विशेष आर्थिक क्षेत्र कायदा संमत केला आणि १० फेब्रुवारी २००६ पासून तो नियमांसह अमलात आला. या कायद्याने खासगी विकासकांनाही क्षेत्र उभारण्याची मुभा दिली. आर्थिक उलाढालीत वाढ, वस्तू व सेवांची निर्यात, देशी-विदेशी गुंतवणूक, रोजगारनिर्मिती आणि पायाभूत सुविधांचा विकास ही उद्दिष्टे कायद्यातच नमूद आहेत. म्हणजेच रोजगार हा या योजनेचा केवळ अनुषंगिक लाभ नसून तिचा घोषित हेतू आहे.

पाश्चात्त्य देशांतही याच्याशी मिळतीजुळती योजना राबवली गेली, परंतु तिचा हेतू वेगळा होता. ब्रिटनचे तत्कालीन अर्थमंत्री जेफ्री हौ यांनी १९८० च्या अर्थसंकल्पात 'एंटरप्राइझ झोन' म्हणजे उद्योजकता क्षेत्रांची घोषणा केली. बंद पडलेल्या गोद्या, ओस पडलेले कारखाने आणि बेरोजगारी यांनी ग्रासलेल्या शहरी भागांना करसवलती देऊन पुन्हा उभे करणे, हा त्यामागील विचार होता. भारतातील क्षेत्रांचा भर निर्यातीवर होता, तर ब्रिटनमधील क्षेत्रांचा भर मागे पडलेल्या वस्तीवर. तरीही दोन्हीकडे मूळ गृहीतक एकच होते. एका आखलेल्या जागेत कर कमी केल्यास उद्योग येतील आणि उद्योगांमागून रोजगार येईल.

सवलती आणि सीमारेषा

भारतीय कायद्यानुसार विशेष आर्थिक क्षेत्र हे सीमाशुल्काच्या दृष्टीने देशाबाहेरील प्रदेशासारखे मानले जाते. तेथील उद्योगांना यंत्रसामग्री आणि कच्चा माल शुल्काशिवाय आयात करता येतो. निर्यातीवरील नफ्यावर पहिली पाच वर्षे संपूर्ण आणि पुढील पाच वर्षे निम्मी प्राप्तिकर सवलत देण्यात आली. त्यानंतरच्या पाच वर्षांत, निर्यातीच्या नफ्यातील निम्म्यापर्यंतची रक्कम पुन्हा उद्योगात गुंतवल्यास तिच्यावर सवलत होती. मोबदल्यात प्रत्येक उद्योगाने पाच वर्षांच्या कालावधीत आयातीपेक्षा अधिक परकीय चलन मिळवले पाहिजे, अशी अट आहे.

या सवलतींसोबत एक सीमारेषाही येते. क्षेत्रात तयार झालेला माल देशांतर्गत बाजारात विकायचा असल्यास तो परदेशातून आयात केल्याप्रमाणे समजला जातो व त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. या तरतुदीमागे तर्क आहे. अन्यथा करमुक्त माल देशातील करदात्या उद्योगांशी विषम स्पर्धा करू लागेल. पण ही सीमारेषाच स्थानिक अर्थव्यवस्था आणि क्षेत्र यांच्यातील देवाणघेवाण मर्यादित करते. त्याचे परिणाम पुढे पाहू.

रोजगाराचे आकडे कसे वाचावेत?

फेब्रुवारी २००६ मध्ये, कायदा अमलात येण्याच्या सुमारास, देशातील विशेष आर्थिक क्षेत्रांत १ लाख ३४ हजार ७०४ लोक कामाला होते. २०१८ पर्यंत सरकारी आकडेवारीनुसार ही संख्या २० लाखांच्या घरात पोहोचली. बारा वर्षांत सुमारे पंधरा पट वाढ ही निश्चितच दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

परंतु क्षेत्रात असलेला प्रत्येक रोजगार क्षेत्रामुळे निर्माण झाला, असे म्हणता येत नाही. एखादी कंपनी अन्यथाही विस्तार करणार होती आणि सवलतीसाठी तिने क्षेत्रातील जागा निवडली, तर तो रोजगार नवा नसून केवळ त्याचा पत्ता नवा असतो. माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांतील कंपन्यांना मिळणारी प्राप्तिकर सवलत ३१ मार्च २०११ रोजी संपुष्टात आली. त्याआधीपासूनच अनेक कंपन्यांनी नवी कार्यालये विशेष आर्थिक क्षेत्रांत उघडण्यास सुरुवात केली होती. जुन्या उद्योगाचे विभाजन करून नवा उद्योग दाखवू नये, अशी अट कायद्यात होती. तरीही कंपनीने जुन्या ठिकाणचे तंत्रज्ञ नव्या ठिकाणी न्यावेत की नाही, यावरून वाद निर्माण झाले. अखेर २०१४ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून नव्या घटकातील निम्म्यापर्यंतचे तंत्रज्ञ जुन्या घटकातून आलेले चालतील, असे स्पष्ट केले. स्थलांतरित रोजगार हा प्रश्न किती वास्तव होता, हे या परिपत्रकावरून लक्षात येते.

ब्रिटनमध्ये या प्रश्नाचे मोजमाप करण्यात आले. तेथील पर्यावरण विभागासाठी १९९५ मध्ये झालेल्या मूल्यमापनानुसार उद्योजकता क्षेत्रांत सुमारे १ लाख २६ हजार रोजगार होते. त्यांपैकी केवळ ५८ हजारांच्या आसपास रोजगार खऱ्या अर्थाने अतिरिक्त होते. उरलेले एकतर अन्यथाही निर्माण झाले असते किंवा शेजारच्या भागातून सरकून आले होते. म्हणजेच निम्म्याहून अधिक रोजगारांचे श्रेय योजनेला देता येत नव्हते. अमेरिकेतही चित्र संमिश्र राहिले. १९९३ च्या केंद्रीय कायद्याने निर्माण झालेल्या 'सक्षमीकरण क्षेत्रां'त रोजगार वाढल्याचे काही अभ्यासकांना आढळले. याउलट कॅलिफोर्निया राज्याच्या उद्योजकता क्षेत्रांचा रोजगारावर परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष डेव्हिड न्यूमार्क आणि जेड कोल्को यांनी २०१० मध्ये मांडला. त्या राज्याने २०१३ साली ती योजनाच गुंडाळली.

भारतात भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे 'कॅग', यांनी २०१४ च्या अहवालात या योजनेची झाडाझडती घेतली. तपासलेल्या विकासक व उद्योगांच्या बाबतीत, त्यांनी स्वतः दिलेल्या अंदाजांच्या तुलनेत प्रत्यक्ष रोजगार ६५.९५ ते ९६.५८ टक्क्यांनी कमी पडल्याचे या अहवालात नमूद आहे. दुसरीकडे, २००६-०७ ते २०१२-१३ या काळात प्रत्यक्ष कर व सीमाशुल्कातील सवलतींपोटी सोडून दिलेल्या महसुलाची रक्कम ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. मंजुरीच्या वेळी मांडलेले आकडे आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील ही तफावत स्थानिक लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची ठरते. कारण जमीन देण्याचा निर्णय पहिल्या आकड्यावर होतो आणि आयुष्य दुसऱ्या आकड्यावर काढावे लागते.

काम कोणाला मिळाले?

स्थानिकांना काम मिळणार की नाही, हे बहुतांशी उद्योगाच्या स्वरूपावर ठरते. देशातील मंजूर क्षेत्रांपैकी निम्म्याहून अधिक माहिती तंत्रज्ञान व तत्सम सेवांची होती. ती प्रामुख्याने बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, पुणे, मुंबई आणि दिल्लीच्या आसपासच्या भागांत एकवटली. हिंजवडीसारख्या ठिकाणी हजारो अभियंत्यांना नोकऱ्या मिळाल्या, पण त्या देशभरातून आलेल्या उमेदवारांना मिळाल्या. ज्या गावाच्या जमिनीवर इमारत उभी राहिली, त्या गावातील शालान्त शिक्षण झालेल्या तरुणाच्या वाट्याला मुख्यतः सुरक्षारक्षक, वाहनचालक किंवा स्वच्छता कर्मचारी ही कामे आली. तीही बहुधा कंत्राटदारामार्फत.

तेलंगणातील जडचर्ल्याजवळच्या पोलेपल्ली येथे औषधनिर्मितीसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारताना हाच प्रश्न तीव्रतेने पुढे आला. सरकारने पूर्वी दलित व भूमिहीन कुटुंबांना कसण्यासाठी दिलेली जमीन तेथे परत घेण्यात आली. औषध कारखान्यांना लागणारे शिक्षण या कुटुंबांतील फार थोड्या लोकांकडे होते. त्यामुळे जमीन गमावणारे आणि नोकरी मिळवणारे हे दोन वेगळे गट ठरले. बाधित कुटुंबांतील काहींनी २००९ च्या लोकसभा निवडणुकीत स्वतः उमेदवार म्हणून उभे राहून आपली तक्रार देशासमोर मांडली.

याच्या उलट चित्र पादत्राणे व तयार कपड्यांच्या उद्योगात दिसते. तामिळनाडूच्या तिरुवण्णामलै जिल्ह्यातील चेय्यार येथे तैवानच्या फेंग ताय समूहाने, तर आंध्र प्रदेशच्या तडा येथे अपाचे समूहाने नामांकित ब्रँडसाठी पादत्राणे तयार करणारे कारखाने उभारले. विशाखापट्टणमजवळ अच्युतापुरम येथे श्रीलंकेच्या ब्रँडिक्स कंपनीने तयार कपड्यांची वसाहत वसवली. या ठिकाणी कामाला असलेल्या हजारो कामगारांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील बऱ्याच जणी आसपासच्या खेड्यांतून कंपनीच्या बसने ये-जा करतात. शेतमजुरीखेरीज ज्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, अशा अनेक कुटुंबांत भविष्यनिर्वाह निधी असलेली ही पहिलीच नोकरी होती. कांडल्यातही परदेशातून येणाऱ्या जुन्या कपड्यांची वर्गवारी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रियाच करतात.

२००५ ते २०१३ या काळात स्थापन झालेल्या भारतीय क्षेत्रांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनाही हाच कल आढळला. क्षेत्रांच्या आसपास कारखाने व सेवांतील रोजगार वाढला आणि शेतीवरील मजुरी, विशेषतः स्त्रियांची, कमी झाली, असे त्यांचे म्हणणे आहे. याउलट मेयर अल्कॉन यांनी 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात २०१८ मध्ये मांडलेला निष्कर्ष निराशाजनक होता. भारतातील क्षेत्रांमुळे परिसराच्या सर्वसाधारण सामाजिक व आर्थिक विकासाला अपेक्षित चालना मिळाली नाही, असे त्यांना दिसले. हे दोन निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटले, तरी दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. कामाचे स्वरूप बदलणे वेगळे आणि त्या बदलातून परिसरातील शाळा, रस्ते, पाणीपुरवठा व राहणीमान सुधारणे वेगळे.

कामगारांच्या हक्कांविषयीही काही गैरसमज आहेत. विशेष आर्थिक क्षेत्रांत कामगार कायदे लागू नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. कामगार संघटना, औद्योगिक विवाद, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूती लाभ यांविषयीचे केंद्रीय कायदे क्षेत्रापुरते शिथिल करता येणार नाहीत, असे २००५ च्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मात्र राज्यांनी क्षेत्रांना 'सार्वजनिक उपयुक्तता सेवा' घोषित करावे आणि कामगार आयुक्तांचे अधिकार क्षेत्राच्या विकास आयुक्तांकडे सोपवावेत, अशी व्यवस्था नियमांत करण्यात आली. परिणामी, उद्योग वाढवण्याची आणि कामगारांच्या तक्रारी पाहण्याची जबाबदारी एकाच अधिकाऱ्याकडे येऊ लागली. कामगार संघटनांचा मुख्य आक्षेप याच गोष्टीला राहिला आहे.

स्थानिक व्यवसायांची स्थिती

क्षेत्र सुरू झाल्यावर सर्वप्रथम वाढतात ते भाड्याच्या खोल्या, खानावळी, चहाच्या टपऱ्या, किराणा दुकाने आणि प्रवासी वाहने. ज्यांच्याकडे गावठाणात घर किंवा रस्त्यालगत जागा शिल्लक असते, त्यांना याचा लाभ लवकर मिळतो. ज्यांची सर्व जमीन गेली किंवा ज्यांच्याकडे मुळातच जमीन नव्हती, त्यांना तो मिळत नाही. घरभाडे आणि जमिनीचे भाव वाढल्याने पूर्वीपासून भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांवर व छोट्या दुकानदारांवर मात्र भार पडतो. ब्रिटनमधील क्षेत्रांतही स्थानिक करमाफीचा मोठा हिस्सा वाढीव भाड्याच्या रूपाने जागामालकांकडे गेल्याचे निरीक्षण नोंदवले गेले आहे. सवलत उद्योगाला दिली जाते; ती अखेरीस कोणाच्या खिशात जाते, हे जागेच्या बाजारावर ठरते.

याहून महत्त्वाचा प्रश्न पुरवठा साखळीचा आहे. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग, पॅकिंग, दुरुस्ती, साचे अशी कामे करणारे लघुउद्योग वाढले, तर एका रोजगारामागे बाहेर आणखी रोजगार निर्माण होतात. पिंपरी-चिंचवड परिसरात वाहन उद्योगाभोवती अशी साखळी अनेक दशकांत तयार झाली. विशेष आर्थिक क्षेत्रात मात्र तिच्या आड दोन अडथळे येतात. पहिला अडथळा असा की, कच्चा माल परदेशातून शुल्काशिवाय मिळत असल्यास स्थानिक पुरवठादार शोधण्याची निकड उरत नाही.

दुसरा अडथळा करव्यवस्थेचा आहे. २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कर कायद्यानुसार क्षेत्राला केलेला पुरवठा शून्य दराचा, पण आंतरराज्यीय मानला जातो. म्हणजे क्षेत्राच्या फाटकासमोरच दुकान असले, तरी आत माल विकणे हा कायद्याच्या लेखी दुसऱ्या राज्यातील व्यवहार ठरतो. लहान व्यापाऱ्यांसाठी असलेल्या आपसमेळ योजनेतील, म्हणजे कंपोझिशनमधील, दुकानदाराला आंतरराज्यीय विक्री करता येत नाही. नोंदणी नसलेल्या विक्रेत्यालाही ती करता येत नाही. त्यामुळे खिळेमोळे, रंग, लेखनसामग्री यांसारख्या किरकोळ वस्तूंचा पुरवठाही शहरातील मोठ्या पुरवठादाराकडे जाण्याची शक्यता वाढते.

उलट दिशेनेही तीच अडचण आहे. क्षेत्रातील कारखान्याकडे यंत्रे रिकामी असली, तरी बाहेरील उद्योगाचे काम करून देणे त्याला सहजासहजी शक्य नसते. सीप्झमधील दागिने उद्योगाने ही तक्रार अनेक वर्षे मांडली. तेथे जडावाचे दागिने घडवणारे हजारो कुशल कारागीर आहेत. परदेशी मागणी मंदावली की त्यांच्या हाताला काम उरत नाही. देशातील सराफांकडे मात्र त्याच वेळी लग्नसराईची मागणी असू शकते. शिवाय मुक्त व्यापार करार झालेल्या देशांतून काही वस्तू शुल्काशिवाय भारतात येतात, पण अंधेरीत किंवा नोएडात तयार झालेली तशीच वस्तू देशात विकताना संपूर्ण शुल्क द्यावे लागते, ही विसंगतीही उद्योजक दाखवून देतात.

एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या क्षेत्राला आणखी एक जोखीम असते. तामिळनाडूतील श्रीपेरंबुदूर येथे नोकिया कंपनीच्या मोबाईल कारखान्यात २००६ मध्ये उत्पादन सुरू झाले. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे आठ हजार कामगार थेट नोकरीत होते आणि त्यांत ग्रामीण भागातील तरुणींची संख्या मोठी होती. सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांनीही त्याच परिसरात कारखाने थाटले. पुढे प्राप्तिकर विभागाशी वाद उद्भवला. नोकियाचा मोबाईल व्यवसाय मायक्रोसॉफ्टने विकत घेतला, तेव्हा हा कारखाना त्या व्यवहारातून वगळला गेला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये फॉक्सकॉननेही तेथील काम बंद केले. कामगारांबरोबरच बसमालक, घरमालक, खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे उत्पन्न काही महिन्यांत आटले. हा कारखाना साल्कॉम्प कंपनीने घेण्याची घोषणा व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. मधली पाच वर्षे कशी काढायची, याचे उत्तर कोणत्याही करारात नव्हते.

जमिनीचा हिशेब

रोजगाराचा निव्वळ हिशेब करायचा, तर मिळालेल्या कामातून गेलेले काम वजा केले पाहिजे. बागायती जमिनीवर केवळ मालकाचे नव्हे, तर कुळे, शेतमजूर, गुरे पाळणारे, मिठागर कामगार आणि गावातील बलुतेदार यांचेही पोट चालते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात भरपाईचा विचार प्रामुख्याने जमिनीवर हक्क असणाऱ्यांपुरता होता. या असंतोषाचा स्फोट २००६-०७ मध्ये झाला. पश्चिम बंगालमधील नंदीग्राम येथे प्रस्तावित रसायन क्षेत्राविरुद्धच्या आंदोलनात १४ मार्च २००७ रोजी पोलीस गोळीबारात १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने एप्रिल २००७ मध्ये क्षेत्रफळावर पाच हजार हेक्टरांची मर्यादा घातली आणि राज्यांनी अशा क्षेत्रांसाठी सक्तीने भूसंपादन करू नये, असे धोरण स्वीकारले.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र प्रस्तावित होते. ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने जनमत घेतले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही, हे शेतकऱ्यांना मतपत्रिकेद्वारे विचारण्याचा तो अपवादात्मक प्रसंग होता. हा प्रकल्प त्या स्वरूपात पुढे गेला नाही.

गोव्यातील विरोधाचे कारण थोडे वेगळे होते. लहानशा राज्यात एवढी मोठी क्षेत्रे आल्यास नोकऱ्या बाहेरून येणाऱ्यांना मिळतील आणि जमीन व पाण्यावरील ताण मात्र गोमंतकीयांच्या वाट्याला येईल, अशी भीती तेथील नागरिकांनी व्यक्त केली. ३१ डिसेंबर २००७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी राज्यातील विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा केली. त्यानंतर हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत रेंगाळला.

संपादित जमिनीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. 'कॅग'च्या २०१४ च्या अहवालानुसार देशात अधिसूचित झालेल्या ३९२ क्षेत्रांपैकी १५२ कार्यान्वित झाली होती. अधिसूचित ४५,६३५ हेक्टरांपैकी सुमारे ६२ टक्के जमीन या कार्यान्वित क्षेत्रांत होती. सहा राज्यांत मिळून ५,४०२ हेक्टर जमीन क्षेत्रातून वगळून अन्य व्यापारी कारणांसाठी वळवण्यात आल्याचेही अहवालात म्हटले आहे. अशा जमिनीवर ना पीक उभे राहिले, ना आश्वासन दिलेला कारखाना. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने शेतमजूर, कुळे व कारागीर यांनाही 'बाधित कुटुंब' या व्याख्येत घेतले आणि खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनास ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. विशेष आर्थिक क्षेत्रांच्या आंदोलनांतून पुढे आलेल्या मागण्यांना या कायद्यात असे स्थान मिळाले.

सवलती आटल्यानंतर

करसवलतींचा प्रभाव कालांतराने ओसरला. २०११ च्या अर्थसंकल्पाने क्षेत्रांतील उद्योग व विकासकांना किमान पर्यायी कर लागू केला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी करात सर्वांसाठीच मोठी कपात झाली. २०२० सालातील मुदतीनंतर सुरू होणाऱ्या नव्या उद्योगांना क्षेत्रातील प्राप्तिकर सवलत बंद झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीने ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या तक्रारीवरून, निर्यातीशी निगडित अशा काही सवलती नियमबाह्य ठरवल्या. भारताने त्यावर अपील केले. पुढे जून २०२३ मध्ये दोन्ही देशांनी हा वाद परस्पर संमतीने मिटवला.

याचा परिणाम माहिती तंत्रज्ञान क्षेत्रांत लगेच जाणवला. सवलतीचे आकर्षण संपले आणि करोनानंतर घरून काम रूढ झाले. इमारतींतील मजलेच्या मजले रिकामे पडले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने नियमांत बदल करून इमारतीचा काही भाग क्षेत्राबाहेर काढून सर्वसामान्य कार्यालयांना देण्याची मुभा दिली. ज्या क्षेत्राचा आधार केवळ करसवलत होता, त्याची घडी सवलतीसोबत विस्कटते, हा धडा त्यातून मिळाला. बंदर, कुशल कामगार, वीज व पाणी यांचा भक्कम आधार असलेली क्षेत्रे त्या तुलनेत टिकून राहिली.

या धोरणाचा फेरविचार करण्यासाठी उद्योगपती बाबा कल्याणी यांच्या अध्यक्षतेखाली २०१८ साली समिती नेमण्यात आली. निर्यातीऐवजी रोजगार व आर्थिक उलाढाल हा क्षेत्रांचा केंद्रबिंदू असावा, अशी शिफारस या समितीने केली. २०२२ च्या अर्थसंकल्पात जुन्या कायद्याच्या जागी राज्यांना भागीदार करणारा नवा कायदा आणण्याची घोषणा झाली. क्षेत्र आणि देशांतर्गत बाजार यांच्यातील भिंत कमी करणे, हा या दोन्हींमागील विचार होता.

विचारण्याजोगे प्रश्न

सर्व अनुभवाचे सार असे की, विशेष आर्थिक क्षेत्र हे स्वतःहून स्थानिक लोकांचे भले करत नाही आणि स्वतःहून नुकसानही करत नाही. चेय्यार आणि पोलेपल्ली यांना कायदा एकच लागू होता. फरक पडला तो उद्योगाची निवड, जमिनीची पूर्वस्थिती आणि स्थानिकांच्या कौशल्याशी जुळणारे काम यांमुळे.

म्हणूनच नवे क्षेत्र, औद्योगिक मार्गिका किंवा उद्यान प्रस्तावित होईल तेव्हा ग्रामसभेने आणि स्थानिक व्यापारी संघांनी काही नेमके प्रश्न विचारणे आवश्यक आहे. जाहीर केलेल्या रोजगारांपैकी शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेल्यांसाठी किती आहेत? त्यांतील किती थेट आणि किती कंत्राटी आहेत? कारखाना सुरू होण्यापूर्वी प्रशिक्षणाची सोय कोण करणार? कोणत्या वस्तू व सेवा परिसरातून घेतल्या जातील? ठरलेल्या मुदतीत उद्योग आला नाही, तर जमिनीचे काय होणार? आणि एकमेव मोठी कंपनी निघून गेल्यास पर्याय काय?

या प्रश्नांची लेखी उत्तरे मंजुरीच्या अटींत आली आणि दर वर्षी त्यांचा आढावा जाहीर झाला, तर घोषणेतील आकडा व प्रत्यक्षातील रोजगार यांतील अंतर कमी होऊ शकेल. सवलतींपोटी सोडलेला महसूल हा जनतेचा पैसा आहे आणि दिलेली जमीन ही एका पिढीची ठेव आहे. तिच्या मोबदल्यात काय मिळाले, याचा हिशेब मागण्याचा अधिकार कुंपणाबाहेरील गावांनाही आहे.